अ‍ॅनिमेशन आणि त्यातलं कोडिंग: मराठवाड्यात बसून शिकायची सुरुवात कुठून करावी

‘सर, फ्लॅश कुठं शिकायला मिळेल?’ परभणी, लातूर, नांदेडकडची पोरं हा प्रश्न अजूनही विचारतात. त्यांचं चुकत नाही. क्लासच्या जुन्या पाट्यांवर तेच नाव आहे, सेकंडहँड पुस्तकांच्या गठ्ठ्यात हमखास सापडतात ती पुस्तकंही त्याचीच, आणि मोठ्या भावाने कधीकाळी मल्टिमीडियाचा कोर्स केला असेल तर त्याच्या तोंडीही तेच नाव असतं. म्हणून आधी तेवढं स्पष्ट करून घेऊ.

फ्लॅश म्हणजे चित्रं हलवायचं आणि त्यांना कोड जोडायचं सॉफ्टवेअर. त्याचा जन्म १९९६चा. आधीचं नाव फ्यूचरस्प्लॅश. मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेऊन फ्लॅश केलं, २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. चित्र हलवायला टाइमलाइन, म्हणजे कोणतं चित्र कधी दिसायचं ती वेळेची पट्टी, आणि त्या चित्राला हुकूम द्यायला अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ही भाषा, अशी ही जोडी होती. ब्राउझरमध्ये हे काम दाखवणारा फ्लॅश प्लेअर अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काहीच चालेनासं झालं. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मात्र संपलं नव्हतं. २०१६ मध्येच त्याचं नाव अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट झालं होतं, आणि त्यात आता वेबसाठी अ‍ॅक्शनस्क्रिप्टऐवजी जावास्क्रिप्ट लिहितात.

म्हणजे शोधायचं काय, तर टाइमलाइन आणि कोड ही जोडी आज कुठल्या साधनात आहे आणि ते साधन आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर, आपल्या गावच्या नेटवर कसं शिकता येईल. शिकायचं साहित्य आज इतकं आहे की कमी पडत नाही, उलट पोरं त्यातच हरवतात. दहा सॉफ्टवेअर डाउनलोड केलेली, शंभर व्हिडिओ सेव्ह केलेले, आणि स्वतःचं पाच सेकंदांचं काम नाही, अशी अवस्था फार दिसते. माझं सांगणं त्याविरुद्ध आहे: एक साधन, एक शिकवणी आणि आपल्या भागातलं एक छोटं काम. ते पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही.

आधी ठरवा: नुसतं बघायचं, की हात लावल्यावर हलायचं?

अ‍ॅनिमेशन दोन तऱ्हेचं असतं. एक, व्हिडिओ. लोक तो बघतात आणि पुढे जातात. सोयाबीनवरची कीड कशी पसरते हे दाखवणारी दोन मिनिटांची फिल्म, लग्नाचं व्हिडिओ आमंत्रण, कोचिंग क्लासच्या धड्यात हृदयाचे कप्पे उघडझाप होताना दाखवणं, हे सगळं या प्रकारात येतं. यात कोड लागतो तो फक्त कंटाळवाणं काम वाचवायला.

दुसरं, बटण दाबलं की काही घडतं असं. गेम, शाळेचा इंटरॅक्टिव्ह धडा, प्रश्नमंजूषा. फ्लॅशची खरी ओळख याचीच होती. इथे कोडशिवाय पानही हलत नाही.

पहिल्या प्रकारात जायचं असेल तर ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर आणि त्यात चालणारी पायथन ही कोडची भाषा. दुसऱ्यात जायचं असेल तर गोडो हे गेम बनवायचं मोफत सॉफ्टवेअर आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा, किंवा कॉलेजात अ‍ॅनिमेट असेल तर अ‍ॅनिमेट आणि जावास्क्रिप्ट. अजून ठरत नसेल तर दुसरा रस्ता धरा. बटण दाबल्यावर आपण काढलेली वस्तू हलते तेव्हा कोड कशासाठी असतो ते डोक्यात लगेच बसतं, आणि गोडो हलकंही आहे.

कॉम्प्युटर आणि लाईट

नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय सुरुवातच नाही असं मानू नका. जुन्या मशिनमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली आणि रॅम आठ जीबी केली तरी टू-डीचं काम चांगलं होतं. ब्लेंडरला मात्र किमान आठ जीबी रॅम लागते आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांना ओपनजीएल ४.३ हे ग्राफिक्सचं मानक चालवणारी चिप लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ऑफिसच्या मशिनवर ते उघडेलच असं नाही. गोडोमध्ये नवा प्रोजेक्ट करताना ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडला तर ते साध्या ग्राफिक्सवरही चालतं. शिवाय त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडायची आणि चालवायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉलची परवानगी मिळत नाही तिथे हे फार उपयोगी पडतं.

कॉम्प्युटरच नसेल तर मोबाइलवर फ्लिपाक्लिप हे अ‍ॅप घ्या आणि चित्रांची सवय सुरू करा. स्टॉप मोशनही मोबाइलवर उत्तम होतं. आगपेटीतल्या काड्या टेबलावर मांडा, मोबाइल एका जागी घट्ट बसवा, एकेक काडी थोडी थोडी सरकवत फोटो काढत जा. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्यांचं अ‍ॅनिमेशन असंच केलं होतं. कोड नंतर कॉम्प्युटर मिळाल्यावर.

लाईट जाते, हे धरूनच कामाची सवय लावा. दर काही मिनिटांनी कंट्रोल-एस. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी आपोआप एक प्रत ठेवतो, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. रोज काम संपवताना फाइल नव्या नंबरने सेव्ह करा: दरवाजा-एक, दरवाजा-दोन, दरवाजा-तीन. आणि आठवड्यातून एकदा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर. फोल्डरची आणि फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मराठी नावांच्या फोल्डरवर काही सॉफ्टवेअर अडतात आणि अडतात तेव्हा कारण सांगत नाहीत.

शिकायचं कुठून

मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. केंद्र सरकारच्या मदतीने चाललेला हा प्रकल्प आहे आणि पूर्ण मोफत आहे. ब्लेंडर, टू-डी हालचालीचं सिनफिग, चित्रं काढायचं इंकस्केप, फोटो सुधारायचं गिंप, पायथन यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे तिथे आहेत. भाषेच्या यादीत मराठी निवडून बघा. काही धड्यांना मराठी आवाज आहे आणि त्याची लिखित संहिताही मिळते. धडे डाउनलोड होतात, म्हणून तालुक्याच्या गावी वायफाय मिळेल तिथे उतरवून घ्यायचे आणि घरी शांतपणे करायचे. त्यांची पद्धतही चांगली आहे: अर्ध्या स्क्रीनवर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, धडा थांबवायचा, तेवढं करायचं, पुढे जायचं. कुठलाही व्हिडिओ बघताना हीच पद्धत ठेवा. एक सांगून ठेवतो, तिथले ब्लेंडरचे धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत. बटणांच्या जागा बदललेल्या दिसतील. त्यामुळे तिथून पायथन आणि इंकस्केप जरूर शिका, ब्लेंडर मात्र नव्या व्हिडिओंवरून शिका.

ब्लेंडरसाठी बहुतेक सगळे नवखे ब्लेंडर गुरू या चॅनेलवरच्या डोनटपासून सुरुवात करतात, आणि ती सुरुवात योग्यच आहे. आपली आवृत्ती आणि व्हिडिओतली आवृत्ती एकच आहे ना, एवढं बघून घ्या. त्या डोनटला हसू नका. मॉडेल, रंग, प्रकाश, कॅमेरा, रेंडर (शेवटचं तयार चित्र काढणं) हा सगळा क्रम त्यात एकदा हाताखालून जातो. लाटव्हियातल्या दिग्दर्शकाच्या ज्या अ‍ॅनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं तोही याच मोफत ब्लेंडरमध्ये केलेला आहे.

गोडोसाठी सगळ्यात चांगला गुरू म्हणजे त्याचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन. इंग्रजी सोपं आहे, आणि अख्खं डाउनलोड करून नेटशिवाय वाचता येतं. त्यातला ‘पहिला टू-डी गेम’ हा भाग जसाच्या तसा करा. कोड आयुष्यात कधीच लिहिला नसेल तर त्याआधी जीडीक्वेस्टचं ‘लर्न जीडीस्क्रिप्ट फ्रॉम झीरो’ करा. ते मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालतं, आणि तुम्ही ओळ लिहिली की शेजारी चित्र हलतं.

जावास्क्रिप्टसाठी मोझिलाचं एमडीएन हे संदर्भाचं ठिकाण. चित्र आणि कोड एकत्र शिकायचे असतील तर पी-फाइव्ह ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आणि डॅनियल शिफमन यांचं कोडिंग ट्रेन हे चॅनेल. माणूस इतक्या आनंदाने शिकवतो की इंग्रजी कच्चं असलं तरी कळतं.

डिझाइनच्या बाजूसाठी आयआयटी मुंबईच्याच आयडीसी या डिझाइन विभागाचं डी-सोर्स हे संकेतस्थळ बघा. आणि अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं, डिस्नेतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये पुस्तकात मांडलेली, ती शोधून वहीत चित्रांसकट उतरवून घ्या. सॉफ्टवेअर कुठलंही आलं तरी ती लागणारच आहेत.

सॉफ्टवेअरचा मेनू इंग्रजीतच ठेवा, कारण सगळे व्हिडिओ त्याच नावांनी बोलतात. आणि एआयला मराठीत प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका, पण त्याने दिलेला कोड आंधळेपणाने चिकटवू नका. तो जुन्या आणि नव्या आवृत्त्यांची सरमिसळ करतो. प्रश्नातच ‘गोडो ४’ किंवा तुमची नेमकी आवृत्ती लिहा, आणि प्रत्येक ओळ काय करते ते विचारा.

कोडच्या आधी टाइमलाइन

कोडची घाई करू नका. पहिले काही आठवडे फक्त हालचाल. क्रिटा किंवा पेन्सिल-टू-डी हे चित्रं काढून हलवायचं सॉफ्टवेअर उघडा, दोन्ही मोफत आहेत. सेकंदाला २४ फ्रेम ठेवा आणि एक चित्र दोन फ्रेम टिकू द्या, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं काढावी लागतील. ओनियन स्किन चालू करा. आधीचं चित्र फिकट दिसतं आणि पुढचं कुठे काढायचं ते कळतं.

व्यायाम तीनच. उसळणारा चेंडू, झुलणारा लंबक, चालणारं कुणीतरी. चेंडू वर जाताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो, म्हणून वरच्या टोकाजवळ चित्रं जवळ जवळ आणि जमिनीजवळ लांब लांब यायला हवीत. हे एकदा हाताने काढलं की सॉफ्टवेअरमधलं ‘ईझिंग’ नावाचं बटण काय करतं ते वेगळं शिकावं लागत नाही. लंबकासाठी पोळ्याच्या बैलाच्या गळ्यातली घंटा घ्या. बैल थांबला तरी घंटा थोडी हलत राहते, ते दाखवा. चालण्यासाठी माणूसच घ्या. चार पायांचं चालणं नवख्याला अवघड जातं, त्याला नंतर हात घाला.

या टप्प्यावर सुंदर चित्राची गरज नाही. काडीचा माणूस चालेल. हालचालीत वजन दिसलं पाहिजे.

पहिलं काम: जायकवाडीचे दरवाजे

आता कोड. यासाठी मी एकच काम सुचवतो आणि ते मुद्दाम आपल्याकडचं आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. पावसाळ्यात नाथसागर भरला की ‘अठरा दरवाजे अर्धा फूट उघडले’ अशी बातमी येते आणि गोदाकाठची गावं ती कान देऊन ऐकतात. हे आपण पडद्यावर करायचं: सत्तावीस दरवाजे, एक बटण, बटण दाबलं की दरवाजे वर.

हेच काम का? कारण एक दरवाजा हाताने काढून हलवणं सोपं आहे, सत्तावीस हाताने मांडणं कंटाळवाणं आहे, आणि ‘आज फक्त अठराच उघडा, तेही अर्धा फूट’ असं कुणी म्हटलं तर हाताने काम करणारा वैतागतो. कोडची गरज तिथे स्वतःहून पुढे येते.

गोडोमध्ये असं करा.

क्रिटा किंवा इंकस्केपमध्ये एक दरवाजा काढा, रुंदी चाळीस पिक्सेल. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी करा. गोडोत नवा सीन उघडा (सीन म्हणजे नोड नावाच्या तुकड्यांची जुळणी), मूळ नोड साधा ‘नोड-टू-डी’, त्याच्या आत ‘स्प्राइट-टू-डी’ आणि ‘अ‍ॅनिमेशनप्लेअर’. स्प्राइटला चित्र द्या. अ‍ॅनिमेशनप्लेअरमध्ये ‘उघड’ अशा अर्थाचं, इंग्रजी अक्षरांतलं नाव देऊन दोन सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करा. शून्य सेकंदाला स्प्राइटच्या जागेची एक की (त्या क्षणी ते कुठे असावं याची नोंद), दोन सेकंदांना दुसरी की, साठ पिक्सेल वर. इथे नवखे हमखास गोंधळतात: शाळेतल्या आलेखात वर जाताना वाय वाढतो, पडद्यावर वर जाताना वाय कमी होतो. म्हणून वर म्हणजे उणे साठ. सीन सेव्ह करा. एक दरवाजा तयार झाला.

आता दुसरा सीन, धरणाचा. त्याच्या मूळ नोडला स्क्रिप्ट जोडा. स्क्रिप्टमध्ये आधी दरवाजाचा सीन लोड करून एका नावात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, धरून ठेवा. मग ‘रेडी’ नावाच्या फंक्शनमध्ये, म्हणजे सीन सुरू होताच जे चालतं त्यात, एक फॉर लूप लिहा: सत्तावीस वेळा फिर, दर फेरीला दरवाजाची एक प्रत तयार कर, तिची एक्स जागा ठरव (वाय सगळ्यांची एकच, पडद्याच्या मध्याजवळची), तिला धरणात जोड आणि एका यादीत नोंदवून ठेव.

एक्सचा हिशेब कागदावर करा. गोडो ४ चा पडदा मुळात १,१५२ पिक्सेल रुंद असतो. सत्तावीस गुणिले चाळीस, १,०८०. उरले बहात्तर, म्हणजे दोन्ही बाजूंना छत्तीस छत्तीस. स्प्राइटची जागा त्याच्या मध्यापासून मोजतात, म्हणून पहिला दरवाजा छत्तीस अधिक वीस, छप्पनवर. पुढचा प्रत्येक चाळीसने पुढे. सूत्र झालं: छप्पन अधिक फेरीचा क्रमांक गुणिले चाळीस. क्रमांक शून्यापासून सुरू होतो आणि सव्वीसला संपतो, हे लक्षात ठेवा. सत्ताविसाव्याची जागा १,०९६ आली म्हणजे हिशेब बरोबर.

चालवून बघा. एका दरवाजाच्या चित्रातून सत्तावीस दरवाजे उभे राहतात, आणि मी ज्यांना ज्यांना हे करताना पाहिलंय ते सगळे इथे क्षणभर स्क्रीनकडे बघतच राहतात.

पुढे बटण. ‘बटन’ नोड टाका, उजवीकडच्या नोड पॅनेलमध्ये सिग्नलच्या, म्हणजे काही घडल्याच्या खबरांच्या, यादीत ‘प्रेस्ड’ निवडा आणि तो धरणाच्या स्क्रिप्टला जोडा. गोडो एक रिकामं फंक्शन लिहून देतो. त्यात दुसरा लूप: यादीतल्या प्रत्येक दरवाजाच्या अ‍ॅनिमेशनप्लेअरला ‘उघड’ चालवायला सांग.

इथपर्यंत आलात की व्हेरिएबल, लूप, फंक्शन, यादी आणि सिग्नल ही पाचही हाताशी आली. आता बातमी खरी करा. लूप अठरापाशी थांबवा. मग दरवाजे एकदम न उघडता एकामागून एक उघडतील असं करा. मग टाइमलाइनऐवजी स्क्रिप्टमधूनच ट्वीन (दोन जागांमधली हालचाल आपोआप भरणारी सोय) लावा, म्हणजे किती वर जायचं ते कोडमधला आकडा ठरवेल. स्लायडर जोडला की तो आकडा बघणाऱ्याच्या हातात जातो. मग उघडलेल्या दरवाजाखालीच पाणी दिसू द्या. प्रत्येक पायरीला एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चालवून बघणं.

लाल अक्षरांत एरर आली तर घाबरू नका, वाचा. ओळीचा क्रमांक दिलेला असतो. एररची रांग लागली तर सगळ्यात वरची आधी सोडवा, खालच्या बऱ्याचदा तिच्याचमुळे आलेल्या असतात. नवख्यांच्या एररची कारणं थोडीच असतात: ओळीच्या सुरुवातीची जागा चुकलेली, टॅब आणि स्पेस मिसळलेले, मोठ्या लिपीतलं अक्षर लहान लिहिलेलं, ओळीच्या शेवटी कोलन राहिलेला. नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की गोडो त्याची माहिती तिथेच उघडतो. कोडच्या शेजारी हॅशचं चिन्ह टाकून मराठीत टिपणं लिहा, पुढच्या महिन्यात तुमच्याच उपयोगी पडतील. पायथन ३ मध्ये तर व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत चालतं; फक्त कोडमधले आकडे इंग्रजीतले लागतात.

हेच काम अ‍ॅनिमेटमध्ये करणाऱ्यांनी ‘एचटीएमएल-फाइव्ह कॅनव्हास’ ही फाइल घ्यावी. दरवाजाचं मूव्ही क्लिप सिम्बॉल करा, लायब्ररीत त्याला लिंकेज नाव द्या, आणि त्या नावाने कोडमधून प्रती काढा. अ‍ॅक्शन्स पॅनेलमध्ये विझार्ड आहे आणि तयार कोडचे तुकडेही मिळतात. ते वापरा, पण वापरून झाल्यावर एकदा वाचून काढा. एक खड्डा सांगतो: टाइमलाइन फ्रेम एकपासून मोजते आणि कॅनव्हासचा कोड शून्यापासून. अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये मोजणी एकपासूनच होती, त्यामुळे जुन्या पुस्तकातून शिकलेला इथे एका फ्रेमने चुकतो. फ्रेमला लेबल द्या आणि कोडमध्ये आकड्याऐवजी लेबल लिहा, प्रश्नच मिटतो.

ब्लेंडरवाल्यांना पायथन शिकायची सोय ब्लेंडरमध्येच आहे. इन्फो एडिटर उघडून ठेवा. तुम्ही माउसने केलेल्या बऱ्याच क्रिया तिथे कोडच्या ओळी म्हणून उमटतात. दरवाजा हलवा, ओळ उमटेल, ती कॉपी करा, लूपमध्ये टाका. प्रेफरन्सेसमध्ये पायथन टूलटिप्स चालू केल्या तर बटणावर माउस नेताच त्याचं कोडमधलं नाव दिसतं. अ‍ॅनिमेटच्या हिस्ट्री पॅनेलमध्येही अशीच सोय आहे, तिथल्या क्रिया कमांड म्हणून जतन करता येतात.

जुनं साहित्य हाती आलं तर

जुनी पुस्तकं आणि व्हिडिओ टाकून देऊ नका, पण ओळखायला शिका. फ्लॅशच्या पुस्तकातला टाइमलाइन, कीफ्रेम, सिम्बॉल, ट्वीन हा भाग आजही वाचनीय आहे. कोडचा भाग अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ किंवा २ चा असेल तर सोडून द्या. ३ चा असेल तर फंक्शन, क्लास, इव्हेंट या कल्पना समजून घ्यायला वाचा, टाइप करत बसू नका. गोडोच्या व्हिडिओत ‘कायनेमॅटिकबॉडी-टू-डी’ किंवा ‘यील्ड’ दिसलं तर तो गोडो ३ चा आहे. ४ मध्ये त्यांच्या जागी ‘कॅरेक्टरबॉडी-टू-डी’ आणि ‘अवेट’ आलं.

अनेक शाळांकडे फ्लॅशमध्ये केलेल्या धड्यांच्या सीडी पडून आहेत. त्यातल्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या तयार, फाइल रफल नावाच्या मोफत प्लेअरमध्ये उघडून बघा. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधलं काम त्यात बरंच चांगलं चालतं, ३ मधलं काही चालतं काही नाही. मात्र ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड’ असं म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका, त्यातून व्हायरस येतो. गावच्या शाळेचा असा एखादा बंद पडलेला धडा नव्याने गोडोत करून देणं हे शिकणाऱ्यासाठी उत्तम काम आहे. शिक्षकांना सांगून करा, आणि चित्रं स्वतः काढा, दुसऱ्याची उचलू नका.

मराठी अक्षरं

यावर इंग्रजी व्हिडिओत कुणी बोलत नाही. ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये देवनागरी टाकली की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. गोडो ३ मध्येही तेच, गोडो ४ मध्ये मात्र देवनागरी नीट दिसते. जिथे फुटतं तिथे उपाय असा: इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टने मजकूर लिहा, मुक्त (Mukta) किंवा बालू (Baloo) हे मोफत फॉन्ट छान आहेत, मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, एसव्हीजी म्हणून सेव्ह करा आणि ते चित्र म्हणून आत घ्या. छपाईच्या दुकानात चालणारे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट यासाठी वापरू नका. आणि शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. शाळेचा धडा असेल तर त्यातली चूक शेकडो पोरांच्या वहीत जाते.

क्लास लावायचा असेल तर

घरी एकट्याने शिकणं सगळ्यांना जमत नाही, आणि संगतीने शिकणं चांगलंच. सरकारी आयटीआयमध्ये मल्टिमीडिया अ‍ॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स हा ट्रेड असतो. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का, हे प्रवेशाच्या वेळी विचारा. खासगी क्लासला जाताना फी विचारण्याआधी तीन गोष्टी बघा. मागच्या बॅचच्या मुलांचं काम, जाहिरातीतलं नव्हे, प्रत्यक्ष फाइल उघडून. सॉफ्टवेअरची आवृत्ती. आणि कोड शिकवतात का, शिकवत असतील तर कोण. नोकरीची हमी तोंडी असेल तर ती लेखी मागा. संपूर्ण फी आधी भरू नका आणि फीसाठी कर्ज तर मुळीच काढू नका. अ‍ॅनिमेट सोडलं तर वर सांगितलेलं बहुतेक साहित्य मोफत आहे, पुढच्या सहा महिन्यांत त्यातून तुम्हाला हे आवडतंय की नाही ते कळेल.

क्लास नसेल तर गावातले दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा बसा. एकाने केलेलं दुसऱ्याच्या मशिनवर चालवून बघायचं. बरेच दोष तिथेच सापडतात.

काम दाखवणं

धरणाचं काम पूर्ण झालं की गोडोमधून वेबसाठी एक्स्पोर्ट करा आणि इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर ठेवा, मोफत आहे. अँड्रॉइडसाठीही एक्स्पोर्ट होतं, पण त्याची जुळणी किचकट आहे, आधी वेबचंच करा. लिंक मोबाइलवर उघडून बघा, कारण आपल्याकडे बघणारे सगळे मोबाइलवरच बघणार. बटण अंगठ्याने दाबता येतं का? ऊन असताना अक्षरं दिसतात का? कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाका, पुढे काम देणारा तोच आधी बघतो.

मग दुसरं काम निवडा, तेही जवळचंच. ठिबकच्या नळीतून पाणी मुळाशी कसं पोचतं हे दाखवा, किंवा बोंडअळीचं जीवनचक्र. शेतीचा विषय घेतलात तर माहिती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनांतून घ्या, ऐकीव नको. तिसरं काम आठवीच्या विज्ञानाचा एखादा धडा. अशी तीन कामं, प्रत्येक मिनिटाभराचं, प्रत्येकाखाली दोन ओळी: यातलं चित्र कुणाचं, कोड कुणाचा, आवाज कुणाचा. ही तीन लिंक असलेला एकच मेसेज तयार ठेवा आणि काम मागायला जाताना प्रमाणपत्राच्या आधी तो पाठवा.